टोपल्यांचा फेरा

जूनमधला, ऐन हिवाळ्यातला सान हुआनचा सण तोंडावर आला आणि इचूपात्याच्या माळावर थंडीने दात रोवले. तोमासा म्हातारी तारे मावळायच्या आधी उठायची, अनवाणी पायांनी माळावर जायची आणि उघड्यावर पसरलेल्या बटाट्यांतले दोन उचलून एकमेकांवर आपटायची. खट्ट आवाज आला की म्हणायची, गोठलाय. मग घराकडे तोंड करून हाक मारायची, आणि ती हाक ऐकली की बासिलियाला पांघरुणात पडून राहता यायचं नाही, मग ती शाळेची बाई असो की कुणी असो.

कारण ऊन यायच्या आत बटाटा झाकायचा असतो. उन्हाचा एक कवडसा लागला तरी तो काळा पडतो, आणि काळ्याची तुंता होत नाही. तुंता म्हणजे गोठवून, भिजवून वाळवलेला बटाटा, वर्षभर टिकणारा; ती पांढरी हवी, चुन्यासारखी. बासिलिया सासूच्या मागोमाग वाकून वाकून गवताचे भारे उलगडायची. बोटं आधी दुखायची, मग जळायची, मग असल्यासारखीच वाटायची नाहीत. नवरा सेवेरो पलीकडच्या टोकाला, लेक नेली मधे. नेलीच्या ओठांतून वाफ निघायची आणि त्या वाफेबरोबर ती पाढे म्हणायची. आईला बरं वाटावं म्हणून म्हणायची, की थंडी विसरावी म्हणून, कोण जाणे.

"सूनबाई, हात चालव गं," तोमासा म्हणायची. "तुझी शाळा थांबती, सूर्य थांबत न्हाई."

पण शाळाही थांबत नव्हती. बासिलियाला तर ती पळवायची होती.

इचूपात्याची शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि पहिलीपासून सहावीपर्यंतची सगळी मुलं. काचा फुटलेल्या खिडकीला प्लास्टिक लावलेलं, ते वाऱ्याने दिवसभर फडफडायचं. पूर्वी शहरातून मास्तर यायचे, एक थंडी काढायचे आणि निघून जायचे. बासिलिया ह्याच गावची सून, शिकून आलेली. ती आल्यापासून शाळा एक दिवस बंद नव्हती. जिल्ह्याच्या कचेरीत भिंतीवर एक तक्ता होता. कुठली शाळा गणिताच्या पुस्तकात कुठवर पोचली, ते त्यावर रंगीत पट्ट्यांनी दाखवलेलं. इचूपात्याची पट्टी सगळ्यांत लांब. बासिलियाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि परतीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून तिला कोण आनंद झाला होता. कुणाला न सांगण्याजोगा आनंद.

तिची शिकवायची एक रीत होती. तिलाही तिच्या बाईंनी तसंच शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या बाईंनी. वाक्य म्हणायचं आणि शेवटचा शब्द अर्धा सोडायचा. उरलेला अर्धा वर्गाने पुरा करायचा.

"भागाकार म्हणजे वाटणी. आणि वाटणी करायची ती नेहमी सार..."

"...खी," वर्ग ओरडायचा.

"म्हणजे प्रत्येकाला मिळतं सार..."

"...खंच."

खोली दुमदुमून जायची. त्या आवाजात कोण कळून ओरडतंय आणि कोण नुसतंच ओरडतंय, ते वेगळं काढता येत नसे, आणि बासिलियाने काढायचा प्रयत्नही केला नव्हता. सगळ्यांत पुढचा, सगळ्यांत खणखणीत आवाज नेलीचा असायचा. आईचा शब्द अर्धा सुटायच्या आतच ती तो पकडायची.

त्या आठवड्यात प्रमाणातल्या वाटणीचा धडा होता. तिघांनी मिळून दुकान काढलं, कुणी जास्त घातलं, कुणी कमी घातलं, तर नफा-तोटा कसा वाटायचा, असा. मुलं माळावरून उशिरा आलेली, हात फुटून रक्त निघालेले, पेन्सिल धरवत नव्हती. बासिलियाने नियम फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला, नेलीने वहीत त्याच्याखाली लाल रेघ मारली. एक उदाहरण बाईंनीच सोडवलं. पान उलटलं.

मागच्या बाकावर देलिया होती, सातुकाची मुलगी. तिचा अजून नियमच उतरवून झाला नव्हता. बासिलिया जवळ गेली तर देलियाच्या घाघऱ्याच्या ओच्यात मेंढीच्या वाळक्या लेंड्या. त्यांचे तीन ढीग केलेले, एक मोठा, एक मधला, एक लहान, आणि ती एकेका ढिगातून काहीतरी काढत होती, थांबत होती, परत ठेवत होती.

"हे काय गं? शाळेत आलीस की गोठ्यात?"

मुलं हसली. देलिया म्हणाली, "बाई, मोठ्यातनं जास्त काढायचं, की..."

"नंतर," बासिलिया म्हणाली. "आता पुढचं पान." आणि ओचा झटकायला लावून त्या लेंड्या तिने बाहेर टाकायला लावल्या. देलिया बाहेर गेली, आली, बसली. पुढे काही तिने विचारलं नाही.

बटाटे पुरते गोठले तोवर नदीने वेगळंच काढलं. त्या वर्षी पाऊस कमी झालेला, नदी वाळूतून नुसती पाझरत होती. गोठलेला बटाटा वाहत्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवावा लागतो, तेव्हा त्यातला कडूपणा उतरतो. दर घराचं नदीकाठी आपापलं कुंड असतं, दगडांची पाळ घातलेलं. पण ह्या खेपेला वरच्या अंगाच्या तीन घरांत मिळून एकाच कुंडात पाणी हलत होतं. बाकीच्यांत नुसता चिखल.

म्हणून तिघांनी एकत्र घालायचं ठरलं. बासिलियाच्या घरची सहा पोती. शेजारच्या फाउस्तोकाकाची चार. सातुकाची दोन. सातुकाचा नवरा खाणीत गेला तो परत आलाच नव्हता. दोन पोती म्हणजे तिने आणि देलियाने मिळून जेवढं उपसलं तेवढं. त्यावर दोघींचं वर्ष. तिने पोती आणली ती पाठीवर, एक आणून टाकलं, परत गेली, दुसरं आणलं. सेवेरो गाढव देतो म्हणाला तर नको म्हणाली.

कुंडात तळाला इचू गवत अंथरलं. त्यावर बटाटे ओतले, सगळ्यांचे सगळ्यांत मिसळून, वर पुन्हा गवत, वर दगड. तोमासाने चार कोकाची पानं पाण्यावर सोडली आणि थरथरत्या आवाजात, दरवर्षी म्हणायची ते म्हणाली:

नदीबाई नदीबाई, काळ्याचं गोरं कर,
कडू तेवढं घेऊन जा, गोड तेवढं घरी धर.

नदीने ऐकलं अर्धंच. ऑगस्टात, तुंता काढायला थोडे दिवस राहिले असताना, डोंगरावर अवेळी बर्फ पडलं आणि दुसऱ्याच दिवशी कडक ऊन पडून ते वितळलं. पाझरणारी नदी दुपारी गढूळ होऊन उठली. सेवेरो धावला, फाउस्तोकाका धावला, सातुका तर कंबरभर पाण्यात उतरून पाठीने पाळ धरून उभी राहिली. पण पाळीचा एक कोपरा फुटलाच. पांढरे गोळे पाण्यावरून चेंडूंसारखे उड्या मारत गेले. सातुकाने ओचा पसरून काही धरले. तिचे पाय नंतर दोन दिवस निळे होते.

पाणी उतरल्यावर उरलेलं बाहेर काढलं. नऊ पोती भरली. तीन पोती नदीची झाली.

ओल्या पोत्यांभोवती सगळे उभे होते. हात लाल, घाघरे ओले. आता वाटायचं कसं, हा प्रश्न कुणी विचारायच्या आतच तोमासाने टोपली उचलली.

"तीन आमच्या," ती म्हणाली. "दोन फाउस्तोच्या. एक सातुकाची. मग पुन्ना तीन, दोन, एक. सरंपर्यंत."

"आता कोण एवढ्या टोपल्या फिरवणार म्हातारे?" फाउस्तोकाका म्हणाला. "दिवस बुडंल. माझे हात आधीच गळून पडलेत, मोजायला बोटं तरी राहू दे."

"असंच वाटत्यात. मिसळलं की असंच."

"का असंच?"

ते मात्र तोमासाला सांगता येईना. सासूने असंच केलं, तिच्या सासूने असंच केलं.

सेवेरो हसला. "सहावीतली पोरगी घरात असताना टोपल्या कशाला फिरवायच्या? नेली, सांग गं, शाळेत काय शिकलीस."

नेलीने कपाळावरची बट मागे सारली. विचार करायला तिला वेळ लागत नसे, तोच तिचा लौकिक होता. "तीन पोती गेली. घरं तीन. म्हणजे प्रत्येकाचं एक पोतं गेलं. आमची राहिली पाच, काकांची तीन, सातुकामावशीचं एक."

कुणालाही पटावं असंच होतं. नदी सगळ्यांची, नुकसान सगळ्यांचं, एकेक पोतं सगळ्यांचं. फाउस्तोकाकाने मांडीवर थाप मारली. "झालं की. ह्याला म्हणत्यात शिकलेलं माणूस. आपण इथं दिवसभर टोपल्या नाचवत बसलो असतो."

सातुका आपल्या एका पोत्याकडे बघत होती. "एकच?" ती म्हणाली. भांडायला नाही, स्वतःशीच म्हणाली. "दोन होती."

"एक नदीनं नेलं मावशी," नेली समजुतीने म्हणाली. "सगळ्यांचंच एकेक नेलं."

"व्हय. सगळ्यांचंच गेलं." सातुकाने पोत्यावर हात फिरवला. मग मान वर करून तिने बासिलियाकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. पूल ओलांडण्याआधी पलीकडे पोचलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो, तसं ती बघत होती.

बासिलियाला कळलं होतं. नेली बोलत असतानाच कळलं होतं. सातुकाचं अर्धं गेलं आणि आपलं सहातलं एक; ही वाटणी नव्हे. ज्याने जास्त घातलं त्याने जास्त सोसायचं. त्या हिशोबाने अर्धं पोतं आपल्याकडचं सातुकाकडे जायला हवं. फाउस्तोचं जागेवरच राहतं. पाच नव्हे, साडेचार. एक नव्हे, दीड. तिच्या डोक्यात ते एका श्वासात लागलं. आणि त्याच श्वासात तिला दिसलं ते नेलीच्या वहीतलं पान, लाल रेघ मारलेलं, उलटलेलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, सेवेरो अभिमानाने, नेली शाबासकीसाठी.

तिने मान हलवली. होय अशी.

सातुकाने पोतं पाठीवर घेतलं. "शाळेत शिकिवलंय तर बरोबरच असंल," ती म्हणाली आणि चढ चढू लागली. एकच पोतं असल्याने तिला दुसऱ्या खेपेला यावं लागलं नाही.

पुढचे दिवस तुडवणीचे. शेवटच्या थंडीत एक रात्र तुंता पुन्हा गोठवायची, मग सकाळी अनवाणी पायांनी तुडवून सालं काढायची. टाचेने दाबायचं, चवड्याने फिरवायचं. नाचच तो, पण बर्फावरचा. बासिलिया शाळा सुटली की घाघरा खोचून उतरायची. पायाखाली सालं निसटायची, मधूनच एखादा गोळा फुटून थंड पाणी बोटांत शिरायचं. तोमासा काठावर बसून गाणं म्हणायची, कडू तेवढं घेऊन जा. बासिलियाला ते गाणं नकोसं झालं होतं.

एका सकाळी सातुका आली. तिची तुडवून झाली होती; एका पोत्याला वेळ तो किती लागणार. तुमच्यात माणूस कमी आहे असं दिसतं, म्हणाली, हात देऊ का. मजुरी म्हणून तुंताच द्या, रिवाजाप्रमाणे. तोमासा म्हणाली, ये की.

ती तुडवायला लागली. बासिलियाच्या समोरासमोर, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, म्हणजे तोल जात नाही. सातुकाच्या टाचांना खोल भेगा होत्या आणि ती पाय टेकताना किंचित आवाज करायची, हूं, हूं असा. बोलली फारसं नाही. देलियाला पुढल्या वर्षी मोठ्या शाळेत पाठवायचंय, एवढं म्हणाली. तुंता विकून करू म्हटलं होतं, आता बघू. मग जरा थांबून म्हणाली, "तिला गणित जमंल का हो बाई? घरी बसून काय काय मांडत बसती. म्हणती, बाई म्हणाल्या नंतर सांगतील."

बासिलियाचा पाय घसरला. सातुकानेच तिला सावरलं.

दिवस मावळला तेव्हा तोमासाने मजुरी मोजून दिली. बासिलियाने पुढे होऊन वर आणखी एक ओंजळ टाकली, मग आणखी एक. सातुकाने शालीचं टोक आवळलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "लई झालं बाई. तुमचे उपकार."

तिच्याच कुंडातली तुंता. तिचीच. ती घेऊन सातुका उपकार मानत चढ चढून गेली. बासिलिया चुलीपुढे बसली तेव्हा पाय आगीजवळ धरूनही ऊब लागेना.

त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब आले. मोटारसायकलवरून, नाक लाल, हातमोजे न काढताच वर्गात शिरले. वह्या चाळल्या. पान कितवं चाललंय ते बघितलं. बासिलियाने वाक्यं अर्धी सोडली, वर्गाने ती पुरी केली, प्लास्टिक फडफडलं. साहेब खूश. बाकीच्या शाळा अजून जूनमधल्या पानांवर रेंगाळताहेत, म्हणाले, तुमची पोरं सप्टेंबरात पोचली. त्यांनी नेलीला उभं करून पाठीवर थोपटलं. जाताना दारात म्हणाले, तुम्हाला बोलायला सांगणार आहोत बाकीच्या शिक्षकांपुढे, तयारी करून ठेवा. बासिलिया हो म्हणाली. मागच्या बाकावर देलिया ओठ हलवत होती, सगळ्यांबरोबर, आवाज न करता. बासिलियाने ते पहिल्यांदाच पाहिलं. ती असं किती दिवस करत होती कोण जाणे.

दुसऱ्या पहाटे, कुणी उठायच्या आत, बासिलियाने अर्धं पोतं भरलं. सेवेरोला कळलं नाही. सातुकाच्या घराचा चढ अंगावर येणारा. छातीत हवा मावेना. दारात पोचली तेव्हा सातुका किनुआची पेज ढवळत होती आणि देलिया वाती करत होती.

"हे ठेव," बासिलिया म्हणाली. "आमच्याकडं जरा जास्त आलंय."

सातुकाने पोत्याकडे बघितलं, हात लावला नाही. "जास्त कसं यील बाई? वाटणी झाली न्हवं का?"

"तरी. ठेव तू."

"मजुरी मी घेतली, ती कामाची घेतली. हे कशाचं?" तिचा आवाज मऊच होता. "सगळ्यांच्या पुढं वाटणी झाली, मी व्हय म्हणाले. आता हे घेतलं तर लोक म्हणतील, सातुका मागनं जाऊन रडून आणती. पोरीला ऐकून घ्यायला लागंल. नेवा परत. राग न्हाई."

त्या वेळी एक वाक्य बोललं असतं तरी झालं असतं. वाटणी चुकली, एवढंच. बासिलियाच्या जिभेवर ते आलं, पण देलिया बघत होती, आणि बासिलियाने पाहिलं की आपण देलियापुढे ते बोलू शकत नाही. दुसऱ्या कुणापुढेही एक वेळ बोललो असतो. तिने पोतं परत पाठीवर घेतलं.

उतारावर नेली भेटली. मेंढ्या सोडायला निघाली होती. आईच्या पाठीवरचं पोतं बघून थांबली. वरच्या घराकडे बघितलं, पुन्हा पोत्याकडे बघितलं. पोरगी हुशार होतीच.

"मी चुकले होते का?" ती म्हणाली.

बासिलियाने पोतं दगडावर टेकवलं. "तू नाही चुकलीस. मी तो धडा शिकवलाच नाही नीट."

"पण वाटणी चुकली."

"हो."

नेली मेंढ्यांकडे बघत राहिली. एक मेंढी शेवाळ खात होती, तिला तिने उगाच काठीने ढकललं. मग न बघताच म्हणाली, "आई, तुला कधी कळलं?"

काल, म्हणता आलं असतं. रात्री पडल्या पडल्या हिशोब मांडला, म्हणता आलं असतं. लेकीने ते मानलंही असतं, आनंदाने मानलं असतं.

"तू बोलत होतीस तेव्हाच," बासिलिया म्हणाली.

नेलीने मान हलवली. रडली नाही. मेंढ्या हाकत निघून गेली, आणि त्या सकाळी वाफेबरोबर पाढे म्हटले नाहीत.

तुंता वाळत घातलेल्या माळावर त्या दुपारी सगळेच होते. तिन्ही घरांच्या तीन पांढऱ्या पट्ट्या उन्हात चकाकत होत्या. एक लांबरुंद, एक मध्यम, एक एवढीशी. बासिलिया शाळेचा कोट घालूनच आली. मुलांनाही घेऊन आली, सगळ्या वर्गाला. फाउस्तोकाका म्हणाला, आज काय मिरवणूक आहे का.

ती बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही. म्हणाली, त्या दिवशीची वाटणी चुकीची होती. सातुकाचं अर्धं पोतं आमच्याकडे आलंय. नेलीने जे सांगितलं ते मी शिकवलं तसं सांगितलं. आणि मी तिथे उभी होते, मला कळलं होतं, आणि मी मान हलवली.

सेवेरोचं तोंड उतरलं. त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. फाउस्तोकाकाने थोडा वेळ डोकं खाजवलं. "आणि माझं?"

"तुमचं तेवढंच राहतं काका."

"मग मला कशाला उठवता?" तो म्हणाला. मग सातुकाकडे बघून खाली बसला आणि पुटपुटला, "साहेबांनी शाबासकी दिली म्हणं शाळेला. कशाची दिली मग?"

बासिलियाने ते ऐकलं. ऐकण्याजोगंच होतं. सातुका मात्र शालीचं टोक चावत खाली बघत होती, जणू लाज तिचीच निघाली होती. आणि बासिलियाला ते सगळ्यांत जास्त लागलं.

"अर्धं पोतं काढून द्या आणि मिटवा," सेवेरो म्हणाला, हळू आवाजात.

"नाही," बासिलिया म्हणाली. "अर्धं का, ते पोरांनी बघायला पाहिजे." आणि सासूकडे वळली. "आई, टोपली कुठाय?"

तिन्ही पट्ट्या गोळा करून एक ढीग केला. फाउस्तोकाकाने कुरकूर केली की त्याची तुंता जास्त स्वच्छ सोललेली आहे, ती ह्यांच्या गबाळ्या तुंतेत मिसळणार; तोमासा म्हणाली, तुझ्या पायाचा वासपण मिसळतोय, आम्ही बोललो का. तेवढंच काय ते कुणी हसलं त्या दुपारी. मग फेरे सुरू झाले. तीन आमच्या. दोन फाउस्तोच्या. एक सातुकाची. पुन्हा तीन, दोन, एक. मुलांनी टोपल्या भरायच्या, मुलांनी न्यायच्या, मुलांनीच ओतायच्या. लहानगी थकून बसली, मोठी चालू राहिली. सावल्या लांबल्या. वारा उठला तसे डोळे चुरचुरू लागले. घाई कुणाला करता येत नव्हती, कारण टोपली जेवढ्या वेळात भरते तेवढ्याच वेळात भरते.

अर्ध्यावर देलिया थांबली. रिकामी टोपली पोटाशी धरून ती तीन ढिगांकडे बघत होती. "नदीनं नेलं तेपण तीन, दोन, एकच. मोठ्यातनं जास्त जातं," ती म्हणाली, कुणाला नाही, टोपलीलाच. "ज्याचं जास्त, त्याचं जास्त जातं. ज्याचं थोडं, त्याचं थोडं." मग बासिलियाकडे न बघता पुढची टोपली भरायला वाकली. तिने बाईंना विचारलं नाही, बरोबर का म्हणून. विचारायची तिची सवय बाईंनीच मोडली होती.

नेली दूर उभी होती, मेंढ्यांची काठी हातात. खूप वेळ तशीच उभी होती. शेवटी काठी टाकून आली, आणि आईच्या हातातली टोपली न घेता देलियाच्या टोपलीची दुसरी कड धरली. दोघींनी ती सातुकाच्या ढिगावर ओतली.

ढीग संपला तेव्हा सातुकाचं पोतं भरून वर अर्धं भरलं. तिने दोन्ही पोत्यांची तोंडं बांधली. ह्या वेळी उपकार वगैरे काही म्हणाली नाही. एक पोतं घेऊन वर गेली आणि दुसऱ्यासाठी पुन्हा खाली आली.

सोमवारी वर्गात बासिलियाने पुस्तक मागे उलटलं. मुलांना वाटलं, पान चुकलं; दोघातिघांनी सांगितलंही, बाई, आपण पुढं आहोत. नाही, ती म्हणाली, आपण इथे आहोत. कचेरीत निरोप धाडला होता की बोलायला मी येणार नाही, आणि पट्टी जूनपर्यंत खोडा. उत्तर काय येईल ते येईल.

तिने फळ्यावर तीन घरं काढली. एक मोठं, एक मधलं, एक लहान. प्रश्न विचारला. पुरता विचारला, शेवटचा शब्दसुद्धा गिळला नाही. आणि गप्प उभी राहिली.

खोलीत कधी नव्हे अशी शांतता पसरली. पुरा करायला कुणाला काही अर्धं दिलंच नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. प्लास्टिक फडफडलं. नेलीने सवयीने आईच्या तोंडाकडे बघितलं, ओठांवरून काही सापडतंय का म्हणून, आणि बासिलियाने ओठ मिटून घेतले. त्यावर नेलीने मान खाली घातली. ती रागाने घातली की विचार करायला, हे बासिलियाला सांगता आलं नसतं.

मागच्या बाकावर ओच्यात काहीतरी खुळखुळलं. वाळक्या लेंड्यांचा आवाज बासिलियाला ओळखू आला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे मोजणाऱ्या हातांना कुणी बघतंय असं वाटू नये. बाहेर नदी पुन्हा वाळूतून पाझरत होती. घंटेला अजून खूप वेळ होता. ती थांबली.